शेणाच्या कोर्टावरचं विंबल्डन

१२ ऑक्टोबर १९४६, शनिवार

कारखान्याचा साहेब विलायतेहून परत आला तो डोक्यात विंबल्डन घेऊनच. आता आमची सुटका नाही.

दुपारी काम सुटल्यावर सगळ्यांना क्लबात बोलावलं. क्लब कसला — कागद कारखान्यामागं पत्र्याची एक खोली, चार वेताच्या खुर्च्या, पुढ्यात टेनिसचं एक कोर्ट. लढाईत तरणे साहेब पलटणीत गेले, खेळायला माणसं उरली नाहीत, म्हणून तीन वर्षांपूर्वी आम्हां बाबूलोकांना आत घेतलं. नाहीतर कोण विचारत होतं! साहेब म्हणाला, लढाईपायी सहा वर्षं बंद पडलेले विंबल्डनचे सामने यंदा जूनमध्ये पुन्हा झाले आणि त्यानं ते पहिल्या दिवसापासून पाहिले. म्हणून आता आपणही डिसेंबरात खोपोलीचं विंबल्डन भरवायचं. कारखान्यातल्या कोणीही नाव द्यावं. साहेब, बाबू, मजूर — भेद नाही. जिंकेल त्याला जानेवारीत मुंबईच्या मोठ्या सामन्यांत खेळायला पाठवायचं.

हेडक्लार्क वाल्मिकराव टाळ्या पिटत होते. या गृहस्थानं जन्मात रॅकेट धरलेली नाही. साहेब उद्या म्हणाला, सगळ्यांनी पाताळगंगेत उड्या मारायच्या, तरी हे टाळ्या पिटतील. याच माणसाशेजारी मला रोज आठ तास बसायचं असतं.

मला काम मिळालं. विंबल्डनचा इतिहास लिहायचा, इंग्रजीत, दोन-तीन पानं. उद्घाटनाला साहेब वाचणार. त्यासाठी आपली पुस्तकंही दिली. मी ओझं अंगावर पडल्यासारखं तोंड करून हो म्हटलं. आतून उकळ्या फुटत होत्या!

१४ ऑक्टोबर, सोमवार

विमल म्हणाली, "एवढं वाचन मॅट्रिकला केलं असतंत, तर आज मामलेदार असतात." म्हणू दे. बायकोला नवऱ्याचं हसं करायला काहीतरी लागतंच.

पुस्तकांत काय एकेक सापडतंय! विंबल्डन सुरू झालं १८७७ साली, ते कशापायी — तर क्लबाचा घोड्यानं ओढायचा रोलर मोडला होता आणि दुरुस्तीला पैसे नव्हते. म्हणून सामने भरवले, तिकीट लावलं. बावीस जण खेळले. शेवटचा सामना पावसानं सोमवारचा गुरुवारवर गेला, बघायला दोनशे माणसं. आमच्याकडं बैलांच्या शर्यतीला याच्या चौपट जमतात. आणि जो पहिल्या वर्षी जिंकला त्याला स्वतःलाच हा खेळ कंटाळवाणा वाटायचा म्हणे. त्याचा जीव क्रिकेटात.

एका मोडक्या रोलरावर एवढं सगळं उभं राहिलं. आज तिथं तिकिटासाठी लोक पहाटेपासून रस्त्यावर रांग धरतात. आणि आत खेळ चालू असला की हजारो माणसं शिंकसुद्धा दाबून धरतात. मला नेमकं हेच आवडतं. आपल्याकडं कीर्तन ऐन रंगात आलं तरी कोणीतरी अडकित्ता वाजवत बसलेला असतो.

३९ साली आपला एक हिंदुस्थानी गडी तिथं शेवटच्या आठांत पोचला होता. तेव्हा मी कर्जतला मामाकडं राहत होतो. घाट चढायला मागं इंजिन लावेपर्यंत पुण्याकडची गाडी कर्जतला थांबते. तेवढ्यात पहिल्या वर्गाच्या खिडकीशी जाऊन कोणाकडून तरी वर्तमानपत्र मागायचं, खेळाचं पान वाचायचं, शिटी झाली की परत द्यायचं. आठ दिवस हेच केलं. एका पारशी म्हाताऱ्यानं ते पानच फाडून दिलं होतं.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

शिसारी आली आज. पावसाळ्यात वाहून गेलेलं कोर्ट नव्यानं करायला घेतलंय. तिकडं कशी हिरवळ असते. इथं खाली मुरूम, त्यावर पिवळी माती आणि त्यावर शेणकाला. भागूबाई आणि तिच्याबरोबरच्या चार बायका कमरेत वाकून घमेल्यातलं शेण हातानं पसरत होत्या. माशा घोंघावतायत, पायाखाली पचपच होतंय, आणि देखरेखीला मी! नाकाला रुमाल लावून काठावर उभा राहिलो.

भागूबाई म्हणाली, "बाबू, तुमच्या घरात फरशी हाय व्हय?"

नाही. आमच्याही घरात शेणाचीच जमीन आहे. विमल दर शनिवारी सारवते आणि मी तिथंच पाट मांडून जेवतो. तेव्हा कधी रुमाल लागला नाही. आज साहेब खिडकीतून बघत होता म्हणून लावला. साहेबाला मात्र शेणाचं काही वाटत नाही. चेंडू छान उसळतो म्हणाला. उलट मलाच विचारलं, "टिपणीस, सर्दी झाली का?"

स्वतःचीच किळस येणं म्हणजे काय ते आज कळलं.

२० ऑक्टोबर, रविवार

शकूरचं नाव मी घातलं. माझ्या हातानं, माझ्या नावाच्या खाली.

शकूर आमच्या क्लबाचा मार्कर. मेंबराला जोडीदार नसला की मार्करनं समोर उभं राहून खेळायचं. शिवाय जाळं बांधायचं, रेघा मारायच्या, रॅकेटींची तात, म्हणजे जाळीची दोरी, ओढायची. त्याचा त्याला महिन्याचा पगार मिळतो. पस्तिशीला आलेला माणूस, मूळ खालापूरचा, बापाचं तिथं सुक्या मासळीचं दुकान होतं. अनवाणी खेळतो. तीन वर्षांत मला जो काही खेळ आला तो त्याच्याशी खेळून. आता दहातले सहा डाव तरी मीच जिंकतो.

तो नको म्हणत होता. "मेंबरांच्या यादीत मी कशाला, बाबू?" मी म्हटलं, साहेबानं सगळ्यांदेखत सांगितलंय, भेद नाही. त्यानं हातातली तात ताणून गाठ मारली. मग म्हणाला, "एकदा खरं खेळून बगायचं हाय मला. मुंबईच्या लोकांम्होरं. आता वय चाललं. औंदा नाय तर मग नायच."

त्याची बायको मासूमा डबा घेऊन आली होती. ती नुसती हसली आणि पदर तोंडाशी धरून म्हणाली, "घरात भिंतीवर चेंडू मारत्यात. भिंतीचा पोपडा ऱ्हायला नाय."

वाल्मिकरावांनी यादी बघून नाक मुरडलं. "मार्कर? मग भागूबाईचंपण नाव घाला." ओंगळ माणूस आहे. एखादं चांगलं काम हातून झालं की असल्या लोकांचं बोलणं मनाला लागत नाही.

२४ ऑक्टोबर, गुरुवार

लक्ष्मीपूजन. रेशनावर साखर आलीच नाही. गुळाच्या करंज्या. मुंबईत दंगलीचं अजून निवळलेलं नाही, म्हणून हल्ली तिकडं राहणारे मामा आले नाहीत.

४ नोव्हेंबर, सोमवार

सोमवारी क्लब बंद असतो. पुस्तक विसरलो होतो म्हणून दुपारी गेलो, तर कोर्टावर चेंडूचा आवाज. शकूर आणि आणखी एक जण. तो पदू, माथेरानच्या एका हॉटेलातला मार्कर. पायवाटेनं चौक गावी उतरून बहिणीकडं आला होता आणि दोघं मार्कर मोकळं कोर्ट बघून खेळत होते.

मी खोलीच्या आडोशाला उभा राहिलो. अर्धा तास हललो नाही.

हा शकूर मी कधी पाहिलाच नव्हता. चेंडू पलीकडून सुटायच्या आत याची पावलं तिथं पोचलेली. मारतोय असं वाटत नव्हतं, नुसता हात फिरवत होता, आणि चेंडू बरोबर कोपऱ्यात, रेघेवर चुना उडवून जायचा. पदू काही ऐरागैरा नाही. माथेरानला येणाऱ्या मोठमोठ्या साहेबांशी तो रोज खेळतो. त्याला शकूरनं सहा-एक, सहा-शून्य असा लोळवला. पदू हसत जाळ्यावर ओणवा झाला आणि म्हणाला, "तुजं त्ये मेंबर लोक तुला हरवत्यात कसं रं?"

शकूर काय म्हणाला ते ऐकू आलं नाही. दोघं मोठ्यानं हसले मात्र.

५ नोव्हेंबर, मंगळवार

विचारलंच शेवटी. म्हटलं, शकूर, तू माझ्याशी मुद्दाम हरतोस?

तो गोंधळला. मग अगदी साधेपणानं सांगितलं, लपवाछपवी काही नाही. "हरनं हेच आमचं काम हाय, बाबू. मेंबर लई हरला तर दुसऱ्या दिशी येत नाय. लई जिंकला तरी येत नाय, त्याला मजा वाटत नाय. दोन डाव आपन घ्यायचं, तीन त्याला द्यायचं. आन् त्याला कळता कामा नये. माज्या उस्तादानं आदी हरायला शिकवलं, मंग मारायला."

"आणि मी?"

"तुमचा हात चांगला हाय," म्हणाला. दया येऊन म्हणाला.

तीन वर्षं. तीन वर्षं मी घरी जाऊन विमलला सांगत होतो, आज सहा-चार, आज सात-पाच. ती बिचारी शेजारणींना सांगायची. राग त्याचा येत नाही, त्यानं त्याचं काम चोख केलं. राग माझा येतोय, आणि त्या दोघांच्या हसण्याचा. कोर्टाकडं बघवत नाही.

९ नोव्हेंबर, शनिवार

इतिहास लिहायला बसलो. हात चालत नव्हता, पण पुस्तकं पुन्हा ओढून घेतात.

चाळीस सालच्या ऑक्टोबरात विंबल्डनच्या मुख्य कोर्टावर बाँब पडला. छपराचा कोपरा आणि बाराशे जागा गेल्या. आणि लढाईत त्या पवित्र जागेत काय पाळलं होतं — डुकरं! कोंबड्या, बदकं, डुकरं. गाड्या उभ्या करायच्या जागी भाजीपाला. साहेब सांगतो, यंदा ते पडकं छप्पर तसंच होतं, लोक त्याच्या शेजारीच बसले आणि टाळ्या वाजवल्या. हे मला फार भिडलं. आपण शेणाला नाक मुरडतो, त्यांनी डुकरांच्या जागेवर पुन्हा पांढरे कपडे घालून खेळ मांडला.

दुसरी एक गोष्ट वाचून मात्र वीट आला. तिथं फक्त हौशी खेळाडूंना प्रवेश. खेळण्याचे पैसे घेतले की माणूस बाटला. लागोपाठ तीन वर्षं जिंकलेल्या त्यांच्याच गड्यानं पुढं पैसे घेऊन खेळायला सुरुवात केली, तर त्यालाही दार बंद. म्हणजे घरचं चांगलं असेल त्यानंच खेळावं. ज्याचं पोट त्या खेळावर आहे तो खेळाला कलंक! आणि हे लोक जगाला सभ्यपणा शिकवतात. सोवळं आमच्याकडंच आहे असं मी समजत होतो.

१६ नोव्हेंबर, शनिवार

साहेबाच्या हॅटमध्ये चिठ्ठ्या टाकून जोड्या लावल्या. आठ जण. माझी पहिलीच गाठ शकूरशी. सगळ्या कारखान्यासमोर.

१८ नोव्हेंबर, सोमवार

इतिहास साहेबाला दिला. तिथंच उभ्याउभ्या वाचला आणि "छान, छान" म्हणाला.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

शकूरचं नाव कापलं!

सकाळी साहेबानं बोलावलं. समोर यादी, शकूरच्या नावावर तांबड्या शाईची रेघ. म्हणाला, मला वाईट वाटतं, पण तो खेळण्याचा पगार घेतो. विंबल्डनला असला माणूस चालत नाही, मग आपण विंबल्डनचं नाव लावून त्याला कसा घ्यायचा? वाल्मिकराव मागं उभे राहून मान हलवत होते, जसं काही यांच्या आजोबांनी तो नियम केला.

अरे, महिन्यापूर्वी भेद नाही म्हणून भाषण कोणी ठोकलं? शेण चालतं, पत्र्याचा क्लब चालतो, तात तुटलेल्या रॅकेटी चालतात, तिथं विंबल्डन आठवत नाही. मार्करचं नाव निघालं की लगेच आठवलं. या साहेबाला पुस्तक उघडून वाचायची सवय नाही. कोणीतरी पान काढून नाकासमोर धरलं असणार. आणि ते कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. नाव बघून पहिल्या दिवशी नाक कोणी मुरडलं होतं?

वाल्मिकरावांशी बोलणं बंद. कामापुरतं चिठ्ठीवर लिहून देईन.

जेवण गेलं नाही. विमलनं ओवा दिला.

२४ नोव्हेंबर, रविवार

शकूरला सांगायचं काम अर्थात माझ्यावर आलं. साहेबाची मराठी "इदर आव"च्या पुढं जात नाही.

रेघा मारायला चुना भिजवत होता. मी सांगितलं. तो काठीनं चुना ढवळतच राहिला. मग म्हणाला, "पगार घेतो म्हनून?" मी म्हटलं हो. "पन पगार तर हरायचा हाय. जिंकायचा कुटं घेतो मी?"

त्याची ना तक्रार, ना आवाज चढलेला. शेवटी एवढंच म्हणाला, "मासूमाला आदीच सांगाया पायजे व्हतं. तिनं माज्या सदऱ्याला नीळ दिली." आणि उठून रेघा मारायला गेला. एकही रेघ वाकडी गेली नाही.

मला तिथं थांबवेना. घरी येताना खोपोलीच्या बाजारात उगीचच भाजीवाल्याशी भांडलो.

३० नोव्हेंबर, शनिवार

सगळ्यांनी पांढरे कपडे घालायचे, असा हुकूम. कापड रेशनवर! विमलनं पलंगपोस फाडून माझी विजार शिवली. एका पायावर विणलेल्या मोराची शेपटी आलीय, ती आतल्या बाजूला घेतली. "चालताना गुडघे जवळ ठेवा," म्हणाली. आरशात स्वतःकडं बघून कसंतरीच झालं.

७ डिसेंबर, शनिवार

उद्घाटन. एक तमाशा झाला.

पहाटे भागूबाई आणि बायकांनी कोर्ट ताजं सारवलं आणि सारवून झाल्यावर मधोमध रांगोळीची बोटं ओढली. चार पाकळ्यांचं फूल, कोपऱ्याकोपऱ्यात स्वस्तिक. साहेब आला तो ओरडतच. रेघांत रेघा मिसळल्या, चेंडू आत पडला का बाहेर कसं कळणार? ताबडतोब पुसा.

भागूबाई कंबरेवर हात ठेवून उभी. "सारवून मोकळं ठिवायचं? कुनी मेलंय का हितं?"

आता हे साहेबाला काय सांगायचं? आमच्यात मयताच्या घरची जमीन सारवून तशीच ठेवतात, एरवी रांगोळीचं बोट ओढल्याशिवाय बाई उठत नाही. हे पिढ्यान्‌पिढ्यांचं आहे. मी साहेबाला सांगितलं, ती म्हणते, तुमच्या भरभराटीसाठी आहे. तो विरघळला. भागूबाईला सांगितलं, साहेब म्हणतो फार सुरेख झालंय, फक्त कडेला काढ म्हणजे पायाखाली येणार नाही. ती खूश झाली. दोघंही माझ्याकडं बघून हसली. मधला माणूस कसा असावा तर असा! दोन्हीकडं गोड बोलायचं आणि खरं कोणालाच सांगायचं नाही. मला माझा उबग आला.

साहेबानं माझ्या इतिहासाचं पहिलं पान वाचलं, रोलराच्या गोष्टीला स्वतःच हसला, मग कागद खिशात घालून बाँबची गोष्ट तोंडीच सांगितली. मजुरांना एक अक्षर कळलं नाही. तरी त्यांनी टाळ्या वाजवल्या, कारण वाल्मिकरावांनी वाजवल्या.

माझ्यासमोर आज कोणी नव्हतंच. न खेळता पुढं गेलो. शकूर जाळ्याच्या उंचीची काठी हातात धरून उभा होता, नीळ दिलेल्या पांढऱ्याशुभ्र सदऱ्यात. सगळ्या कोर्टावर धड कपडे त्याचेच.

८ डिसेंबर, रविवार

गोदामाच्या बाबूला हरवलं. त्याला जेमतेम रॅकेट धरता येते. यात काही मोठेपणा नाही.

वाल्मिकराव चहाचा पेला घेऊन माझ्याजवळ आले. "टिपणीस, पंधरा दिवस चिठ्ठीवर बोलता आहात. माझं चुकलं काय? मला बापड्याला टेनिसातलं काय कळतंय? साहेबानं मान हलवली, मी हलवली." मी तोंड फिरवलं. चहा तसाच ठेवून ते गेले. त्यांच्या चालण्यात आज म्हातारपण दिसलं. मला त्यांची आणखीच चीड आली.

१४ डिसेंबर, शनिवार

उद्या शेवटचा सामना. माझी गाठ धाकट्या साहेबाशी. तो पलटणीतून नुकताच सुटून आलाय, सहा फूट उंच, चेंडू मारतो की दगड फेकतो कळत नाही. मी हरणार हे नक्की. निदान तसं वाटत होतं.

संध्याकाळी शकूर आपणहून आला. "चला, बाबू." दीड तास त्यानं धाकट्या साहेबासारखं खेळून दाखवलं. तीच उडी, तोच हात, तोच ताठपणा. माणूस हुबेहूब उभा केला. मग म्हणाला, "त्यांचा उलटा हात कच्चा हाय. जोरात मारू नका, हळू द्या, खाली द्या. त्यांना वाकाया लावा. उंच मानसाला वाकाया आवडत नाय. आन् हितली शेनाची जमीन हाय, चेंडू दुपारनंतर बसतो. तवर दम धरा."

मी विचारलं, हे मला का सांगतोस?

"आपल्या हातचा मानूस जिंकला तं आमालाबी बरं वाटतं," म्हणाला.

मला त्याच्याकडं वर बघवेना. बुटाची नाडी सोडून परत बांधली.

१५ डिसेंबर, रविवार

जिंकलो. चार-सहा, सहा-चार, सहा-तीन.

पहिला डाव गेला तेव्हा लोक उठायला लागले होते. मग शकूरनं सांगितलं तसं केलं. हळू, खाली, उलट्या हाताला. दुपार कलली तसा चेंडू बसायला लागला आणि धाकटा साहेब वाकून वाकून लाल झाला. शेवटचा चेंडू त्यानं जाळ्यात घातला आणि उडी मारून हात मिळवायला आला. खेळाचा हा भाग मला वर्तमानपत्रात वाचताना नेहमी आवडायचा. आज त्याचा घामट पंजा हातात आला आणि हात धुवावासा वाटला.

साहेबानं कप दिला. मजुरांनी खांद्यावर घेतलं. विमलच्या डोळ्यांत पाणी. भागूबाईनं माझ्यावरून मीठ-मोहरी ओवाळून टाकली. "आपल्या बाबूनं गोऱ्याला पाडलं," असं गेटापर्यंत ओरडत होते सगळे. जानेवारीच्या चार तारखेला मुंबईला जायचंय.

सगळे गेल्यावर शकूर जाळं सोडत होता. म्हणाला, "मुंबईला तात नवी लावून जा. मी लावून देतो."

घरी आलो आणि आंघोळ केली. मग पुन्हा केली. विमल म्हणाली, "किती घासताय? शेण कधीच गेलं." कप फडताळात ठेवलाय, पाठ करून.

१९ डिसेंबर, गुरुवार

शकूर घरी आला होता. हातात माझा इतिहास, टाइप केलेला, सगळी पानं. साहेबानं शिपायाकरवी त्याला दिला, निरोप असा की तुला का घेतलं नाही ते यात लिहिलंय, टिपणीसकडून वाचून घे.

मी मराठी करत वाचलं. रोलर, पाऊस, बाँब, डुकरं. तो मांडी घालून मजेत ऐकत होता, डुकरांना हसला. शेवटच्या परिच्छेदाशी आलो आणि म्हटलं, पुढं एवढंच आहे — विलायतेहून तसा हुकूम आलाय.

"मंग तुमी तरी काय करनार, बाबू," म्हणाला. चहा प्याला आणि गेला.

हुकूम कुठूनही आला नव्हता. वाल्मिकराव कोणाच्या कानाशी लागले नव्हते. पगारी माणूस विंबल्डनला चालत नाही आणि आपला शकूर पगारी आहे, हे साहेबानं मला विचारलंही नव्हतं. चिठ्ठ्या निघाल्या त्या संध्याकाळी तो परिच्छेद मी आपणहून लिहिला.